बाबांच्या शर्टातला नंबर

१२ नोव्हेंबर, मंगळवार
बाबा आज पुन्हा हरवले! थेट गार्डन रीचच्या बसमध्ये सापडले. म्हणे, तिथल्या रेल्वेच्या ऑफिसात निघालो होतो. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली! बसमध्ये आमच्या शेजारचे घोषबाबू होते म्हणून निभावलं.

गळ्यातलं नाव-नंबराचं कार्ड काढून फेकतात. पण कडक इस्त्रीच्या सुती शर्टाशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. म्हणजे माझा नंबर शर्टावरच छापायचा. ठरलं.

१४ नोव्हेंबर
सियालदहला सलीलदांच्या छपाईच्या दुकानात गेले. मगवर फोटो छापतात ते सब्लिमेशन करून टाकू म्हटलं. सलीलदा हसलेच. "दीदी, वो तो पॉलिएस्टर का काम है. कॉटन में टिकेगा नहीं." आणि बाबा पॉलिएस्टर अंगाला लावतील तर शपथ!

मग व्हिनाइल. त्या प्लास्टिकची अक्षरं कापून गरम प्रेसखाली चिकटवतात. एका शर्टाच्या पाठीवर ठसठशीत नाव-नंबर करून आणला.

१५ नोव्हेंबर
"मी काय पार्सल आहे?" — बाबा.

मीही ओरडले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. चुकलंच माझं. त्यांच्या पाठीवर लिहायला निघाले आणि त्यांना साधं विचारलंसुद्धा नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार
सकाळी जळका वास. रोजच्याप्रमाणे स्वतः इस्त्री करत होते — नेमकी नंबरावरून फिरवली. अक्षरं वितळून इस्त्रीला चिकटली. मुद्दाम केलं? विचारायचा धीर झाला नाही.

संध्याकाळी आपणहून म्हणाले, "आतून छाप. पुढच्या बाजूला. खालची दोन बटणं काढली की मला वाचता येईल असं. लोकांना दाखवायचं तर मी दाखवीन."

मला एकदम इतकं बरं वाटलं!

२० नोव्हेंबर
बाबांना घेऊनच दुकानात गेले. आता डीटीएफ — फिल्मवर छापतात, मागे गोंदाची पूड वितळवतात, मग प्रेस. मऊ, पोटाला टोचत नाही. आधी नमुन्याचा एक तुकडा घरी आणून पाच वेळा धुतला होता, टवकासुद्धा उडाला नाही. फक्त इस्त्री वर कापड ठेवून करायची. बाबांनी "बरं" म्हटलं! टाइपही त्यांनीच निवडला, चांगला मोठा. "कालिंदी, मुलगी" आणि खाली नंबर.

२४ नोव्हेंबर
बाबांचे अकराच्या अकरा शर्ट छापून आले. बाबा बटणं काढतात, वाचतात, पुन्हा लावतात. ऐट बघा!

३ डिसेंबर
पोहे परतत होते. फोन वाजला. बाबा — बाहेरच्या खोलीतून!

"कालिंदी का? शर्टात तुझा नंबर आहे. घरात एक बाई आल्यात. चांगल्या वाटतात, पोहे करतायत. पण मी ओळखत नाही गं त्यांना. तू लवकर ये."

"निघालेच, बाबा."

गॅस बंद केला. मागच्या दाराने बाहेर पडले आणि पुढच्या दाराची बेल वाजवली.