गायत्रीने उभं केलेलं रान

नवागाम, सुरत
१४ सप्टेंबर २०२५

चि. योगेंद्र यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. जिना चढताना गुडघा कुरकुरतो, बाकी काही नाही. इकडे पाऊस ओसरलाय. जामनगरचं पाणी तुला मानवलं का? क्वार्टरला गॅस आला का, की अजून खानावळच? फोनवर तू माझं बोलणं पुरं होऊ देत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

तू विचारलं होतंस, गायत्री दिवसभर करते तरी काय. सासू असून मलाही नीट माहीत नव्हतं. ती साडीच्या छापाची डिझाइनं काढायची तेव्हा समजायचं, फूल काढलं, वेल काढली. कॉम्प्युटरवरच्या गेमचं काम सुरू झाल्यावर मी विचारणंच सोडलं. मग गेममध्ये जंगल उभं करायचं होतं म्हणून मागच्या पावसाळ्यात ती मला डांगच्या जंगलात घेऊन गेली, आहव्याच्या पुढे. सोबत तिच्या ऑफिसातला ललित होता.

एका मोहाच्या झाडाभोवती ती इतके फेरे मारत होती की वडाला सूत गुंडाळतेय असं वाटावं. आधी बुंधा, मग हात उंचावून, मग काठीला कॅमेरा बांधून. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा थोडा भाग यायलाच हवा, तरच कॉम्प्युटर ते जोडून तसंच झाड उभं करतो. ऊन पडलं की ती थांबायची. म्हणाली, "आई, फोटोत ऊन आलं तर ते सालीला चिकटून बसतं. ऊन आम्हाला मागाहून आमचं घालायचं असतं." मी गळलेली पानं वेचून काळ्या कापडावर मांडत गेले. सागाची, ऐनाची, बांबूची. फाटकं पान मी टाकून दिलं तर तिने उचलून परत ठेवलं. जंगलात फाटकीच जास्त असतात, म्हणाली.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तू आलास तेव्हा तिचं काम अर्ध्यावर होतं. जामनगरला ये म्हणालास, त्यात काही चुकलं नाही. पण "खोट्या झाडांपायी संसार टांगून ठेवलास" म्हणालास आणि पुरणपोळीच्या ताटावरून उठून निघून गेलास. तिने तुझं ताट झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेली.

खरी अडचण त्यानंतर आली. जंगल एवढं मोठं झालं की मशीन अडखळायला लागलं. तिच्या ऑफिसचे शेठ म्हणाले, अर्धं कापून टाक. तिने कापलं नाही. एकेक झाड घेऊन बसली. जवळचं झाड पानापानाचं, लांबचं नुसतं आकाराचं, आणि आपण चालत गेलो की ते नकळत भरत जातं. किती आठवडे ती तेच करत होती. ललित सांगत होता, एकच तुकडा पुन्हापुन्हा लावलेला असूनही तिच्या जमिनीत जोड कुठे सापडत नाही. साडीच्या छापातला जोड लपवायची सवय तिच्या कामाला आली.

गेल्या आठवड्यात तिने मला ऑफिसात नेऊन खुर्चीवर बसवलं. चालायची बटणं हातात दिली. योगेंद्र, तुला कसं सांगू. पाऊलवाट, शेवाळलेले दगड, वारूळ, आणि फांद्यांतून तिने घातलेलं ऊन. वाट सोडली तरी जंगल संपेना. ओढ्यात उतरले, पलीकडे चढले. मग परतीची वाटच दिसेना, कुठे जावं कळेना आणि तोंडातून आपली अहिराणीच निघून गेली, "आते कथा जाऊ व माय?" सगळे हसले. गायत्रीने मात्र वाट दाखवली नाही. "हिंडा आई, काही होत नाही," म्हणाली. मी हिंडले.

आयुष्यभर मी घरी बसून साड्यांचे धागे कापले. त्या कुणी नेसल्या, कशा दिसल्या, कधी बघितलं नाही. हिचं काम मी आत शिरून बघितलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तू म्हणाला होतास, आई, तू तिला समजाव, तुझं ती ऐकते. ऐकते, खरंच. त्या दिवशी येताना रिक्षात तिने आपणहून विषय काढला. राजीनामा तिने लिहून ठेवला होता. तुझ्यासाठी. म्हणाली, "जंगल पुरं झालं, आई. आता तुम्ही म्हणाल तसं. जाऊ का मी?"

 रिक्षा डिंडोलीला येईपर्यंत तुझा चेहरा डोळ्यांसमोर येत होता. मग म्हणाले, "नोकरी सोडू नको."

ती बराच वेळ रडली. दुसऱ्या दिवशी शेठनी पुढचं सगळं काम तिच्याकडे सोपवलं. आता समुद्रकिनारा बनवायचाय. तिने हो म्हटलंय.

तुला ती सोडत नाहीये. तुझा फोन वाजला की आजही हातातलं टाकून उठते. रागवायचं तर माझ्यावर रागव. मात्र आधी एकदा ये, आणि त्या खुर्चीवर बसून तिच्या रानात चालून बघ. तुला मी काही समजावणार नाही.

या वेळी तुझ्या बाजूने न बोललेली,
तुझीच आई
सरला