तळ्याच्या अलीकडचा उतार

छत्रपती संभाजीनगर,
महाशिवरात्रीनंतरचा रविवार

तीर्थरूप गोजरमावशींना मेघाचा साष्टांग नमस्कार.

तुमचा खोकला थांबला असेल, आणि कुरडया वाळत घालायला तुम्ही स्वतः शिडी चढत नसाल, अशी आशा आहे (चढत असाल, हे माहीत आहे). इकडं आम्ही दोघं धडधाकट आहोत. हे मुद्दाम लिहावं लागतं, त्याचं कारण असं.

तुमच्या भाच्यानं मला हिमाचलात नेलं ते बर्फात फोटो काढायला नव्हे. पायाला स्कीच्या लांब पट्ट्या बांधून, वाट नसलेल्या डोंगरावरनं एका गोठलेल्या तळ्यापर्यंत चढायचं आणि घसरत परत यायचं, असा अतुलचा बेत. त्यासाठी त्यांनी महिनाभर सोफ्यावर उभं राहून सराव केला (सोफा दुरुस्तीला दिलाय). चढताना पट्ट्यांखाली केसाळ कापड चिकटवतात, म्हणजे माणूस मागं घसरत नाही. मी घसरले. आमचा वाटाड्या दोरजे मोजकं बोलणारा. सारखा थांबून फावड्यानं बर्फ खणायचा, आतले थर बघायचा आणि तोंड वाकडं करायचा. अतुलच्या मते तो टाइमपास करत होता.

तळं शेवटच्या उतारापलीकडं होतं. तिथं पायाखाली बर्फ धप्पकन बसला, कणगीतलं धान्य बसावं तसा. दोरजे म्हणाला, "साहब, बर्फ कच्चा है. वापस." "अरे भाई, इत्ता दूर आये, अब जरा से के वास्ते वापस?" म्हणत अतुल पुढं निघाले. मी मागून त्यांच्या जाकिटाची टोपी धरली आणि खाली बसले. मावशी, माझ्या वजनाचा संसाराला उपयोग झाला तो त्या दिवशी. "सोड मेघा, लोक बघतात!" (लोक म्हणजे दोरजे आणि एक कावळा.) म्हणलं, "बघू द्या. लई झालं. नाय सोडत." तेवढ्यात समोरचा अख्खा उतार मधोमध तडकला आणि खाली गेला. पांढरा धुरळा बसला तेव्हा अतुलनी माझा हात धरला होता. खोलीवर येईपर्यंत ते दोरजे म्हणेल तसे वागले. असं आमच्याकडं प्रथमच घडलं.

आता येईल त्याला सांगतात, "मी आवाज ओळखला अन् मेघाला मागं ओढलं." मी चहा टाकते. थापा मारायला माणूस जिवंत असावा लागतो.

तुमची,
मेघा

ता.क. : अतुलनी पुढच्या फेब्रुवारीचं बुकिंग केलंय. तेवढा आठवडा तुम्ही आजारी पडाल का? तुम्ही त्यांना लहानाचं मोठं केलंय. तुमची हाक आली की ते सगळं सोडून फुलंब्रीला येतील.

आणखी एक : माझ्या सेवेची गरज नाही, एवढं त्यांना आवर्जून सांगा. तळं मला बघायचंय. बर्फ पक्का असला तर एकटीच येते, असं दोरजेला कळवलंय.