रब्बींच्या दाढीतला पोहा

पार्सिपनी, शनिवार, ऑक्टोबर १९८४

तारे दिसले, शब्बाथ संपला, लिहायची बंदी उठली. सूनबाई, आता पेन धर आणि मी बोलते तसंच लिही. तो दाढीतला पोहा डोळ्यांपुढून हलत नाही.

नातीच्या लग्नाआधी मलिदा करायचा, प्रेषित एलियाहू हन्नबीच्या नावानं गोड पोह्यांचं ताट मांडायचं, ही आम्हा कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंची रीत. इथल्या अमेरिकन सिनेगॉगचा सेक्रेटरी म्हणतो, "ही हिंदूंची पूजा. आमच्या हॉलमध्ये चालणार नाही." चालणार नाही म्हणे!

म्हणून आज निवाडा करायला शेजारच्या म्हाताऱ्या रब्बींना, आपल्या धर्मगुरूंना, बोलावलं. देवाच्या आज्ञा का पाळायच्या, यावर जाडजूड पुस्तकं लिहिलेला माणूस. शब्बाथला रांधायचं नाही म्हणून कालच करून ठेवलेले पोहे पुढे केले, तर त्यांचा हात अधांतरी! पदार्थागणिक प्रार्थना वेगळी ना. "खाण्याआधी यावर कोणती प्रार्थना म्हणायची?"

म्हटलं, "देवावर एवढं लिहिलंत आणि पोह्यांपाशी अडलात?" तू लाजत लाजत इंग्रजीत सांगितलंस. ते पोट धरून हसले. मग मी म्हटली तीच प्रार्थना माझ्यामागून म्हणाले आणि दोनदा मागून खाल्लं. जाताना म्हणाले, "पोलंडात माझ्या गावच्याही अशा रीती होत्या. करणारं कुणी उरलं नाही. तुम्ही सोडू नका."

आणि दाढीत तो पोहा! तसेच निघाले संध्याकाळच्या प्रार्थनेला. सिनेगॉगच्या दारात सेक्रेटरी उभा असतोच. तू सांगायला धावलीस, मी तुझा पदर धरला.

बघू दे त्याला. हॉल देवो न देवो, मलिदा होणारच. एक पोहा तर आत पोचलासुद्धा.