एका लाटेवर चारशे

६ जानेवारी, देवास

नापास! मामासाहेबांनी माझा ॲम्प्लीफायर दोन मिनिटांत बाजूला सारला. बी.एस्सी. अर्धवट, पीथमपूरची नोकरी चार महिने — आयुष्यात पूर्ण केलेली ही पहिली वस्तू, हा डिजिटल डबा!

तपासणीच्या यंत्राच्या, स्कोपच्या पडद्यावर आवाजाची लाट उमटते. मामासाहेबांच्या जुन्या ॲम्पची रेघ सुईने ओढल्यासारखी. माझी जाड, केसाळ. सुरवंटच!

"निदान ऐकून तरी बघा," म्हटलं.

"ऐकायचं नसतं, बघायचं असतं. कान खोटं बोलतात."

नेहमीचंच. दुरुस्तीला आलेलं गिऱ्हाईक म्हणतं, आवाज फट रहा है. हे म्हणतात, दिखाओ!

रविवारी धारच्या मंडळाचा गाण्याचा कार्यक्रम. डबा पास झाला तर तो जाणार. नाही तर त्यांचा पंचवीस किलोचा जुना.

७ जानेवारी

मी टेकडीवर जाणार होते. राहिलंच. सकाळी स्कोपचं बटण फिरवत बसले — लाट ताणली, आणखी ताणली — आणि अगं बाई! रेघ जाड नाहीच. तिच्या अंगावर लाटा आहेत. इवल्या इवल्या, एकसारख्या. एका लाटेवर चारशे!

हा डबा मुळी लाट काढतच नाही. तपासणीचा सूर सेकंदाला हजार लाटांचा; हा नुसतं चालू-बंद, चालू-बंद, सेकंदाला चार लाख वेळा. पुढची कॉइल त्याची गुळगुळीत लाट करते, तरी थोडी थरथर उरते. तीच ही. माणसाचा कान वीस हजारापाशी थांबतो. वटवाघळालाही एवढं ऐकू येत नाही. म्हणजे गाण्याबरोबर आणखी काहीतरी चाललंय — आणि ते कुणासाठीच नाही!

चहा गार झाला. दोनदा.

८ जानेवारी

मंडळाच्या खंडोजींचा धारहून फोन. मामासाहेबांनी नेहमीसारखा माझ्या हातात कोंबला — "तू बोल, मला वेळ नाही." वेळ नाही म्हणे, पेपरातलं कोडं सोडवत होते!

खंडोजी: "क्या भिया... अरे बेन, तुम हो? इस बार वो हाथी मत भेजना, मेरी कमर गई!"

९ जानेवारी

सापडलं! स्कोपच्या वायरीआधी एक रेझिस्टर, एक कपॅसिटर. चाळणीच. बारीक लाटा गाळल्या जातात, कानाला लागतं तेवढंच पुढे जातं. रेघ सुईसारखी!

मामासाहेब भडकले. "वा राणीसरकार! घाण पडद्याआड ढकललीत?"

"कानही हेच करतो, मामासाहेब. तुमचासुद्धा."

मी उगाच बोलले का? मामासाहेब कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "उद्या गाणं लाव. खोट काढतोच."

१० जानेवारी

पास!

डब्यावर गाणं सुरू केलं. मामासाहेब पडद्यावर वाकले. तबल्याची थाप आली की रेघ उसळायची, आणि नेमकं तेव्हाच त्यांचं बोट टेबलावर पडायचं. एकही थाप चुकली नाही. मान डोलवत म्हणाले, "काय साफ वाजतंय गं, आरोही! धाड खंडोजीकडे."

स्पीकरची वायर माझ्या हातातच होती. जोडायची होती अजून.