पाणी कुठवर येतं

बाबा, मी जपानमध्ये फ्लॅट घेतोय. ऐकून तू आधी हसला असतास आणि मग विचारलं असतंस, आपल्या गावातल्या, जूचंद्रातल्या जागा संपल्या का? संपल्या नाहीत. पण तुझी नात चार वर्षं ओसाकाजवळ नोकरीला आहे, आणि तिथे चाळिशी उलटलेल्या इमारतीतला छोटा फ्लॅट आपल्या नायगावच्या नव्या फ्लॅटपेक्षा स्वस्त मिळतोय. माझी निवृत्तीची बहुतेक पुंजी त्यात जाईल. आत एक म्हातारी बाई भाड्याने राहते, म्हणून घर आतून पाहायलाही मिळालं नाही; भाडं मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू. उद्या सही करायची आहे आणि आज माझा हात अडलाय. पुंजी बुडेल म्हणून नव्हे. आज दुपारी जे ऐकलं, त्यामुळे.

दुपारी तिकडचा दलाल मोबाइलवर समोर बसला. आधी स्वतःचं परवान्याचं कार्ड दाखवलं, मग दोन तास नुसते कागद वाचले. पोरगी मला मराठीत सांगत होती. इमारत भूकंपाच्या जुन्या नियमांतली आहे, दुरुस्तीची वर्गणी पुढे वाढणार आहे, गच्ची एकदा गळली होती. मग त्याने नगरपालिकेचा नकाशा काढला आणि निळ्या रंगावर बोट ठेवलं. नदी फुटली तर तळमजल्यावर कमरेच्या वर पाणी येईल म्हणाला. आपला चौथा मजला, तरीही सांगितलं. मी वैतागून म्हटलं, "अगं, हा विकायला बसलाय की सौदा मोडायला?"

"पप्पा, इकडे सांगावंच लागतं. कायदाच आहे तसा."

मी चहाच्या निमित्ताने उठून स्वयंपाकघरात गेलो.

तू कुठलीही जागा उधाणाला बघायचास. खाडीकाठची शेती केलेला माणूस तू. अमावास्या-पौर्णिमेला भरती किती चढते ते बघितल्याशिवाय बांधावर एक ढेकूळ ठेवायचा नाहीस. मी नायगावला तळमजल्याचा फ्लॅट घ्यायला निघालो, तेव्हा बिल्डरच्या माणसासमोर तू म्हणालास, "उधानाला बघाला येऊ. पानी कुठवर येते ते बघू." तो माणूस हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तुझ्यावर खेकसलो, "बाबा, तू गप रे. शेत घेतोय का आपण?" तू टोपी सारखी केलीस आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिलास.

पहिल्याच आषाढात, अमावास्येला, खाडीचं पाणी गटारातून उलटं आलं आणि मोरीतून घरात शिरलं. पलंगाचे पाय बुडाले. तू जूचंद्राहून सायकलवर आलास, लुंगी खोचलीस आणि घमेल्याने पाणी उपसायला लागलास. मी वाट बघतोय, आता बोलशील, मग बोलशील. तू एक शब्द काढला नाहीस. माझी लाज तू ठेवलीस, आणि त्याचाच मला तेव्हा राग आला.

तीन वर्षांनी मी तो फ्लॅट विकला. घेणारा कोकणातला होता, बोरिवलीला नोकरी, बायकोला सातवा महिना. टोकन घेऊन मी जूचंद्राला घरी आलो तेव्हा तू ओटीवर बसला होतास. "पान्याचं सांगलास ना त्याला?" तू विचारलंस. मी "सांगितलं" म्हणालो. "बरा केलास," म्हणालास आणि बिडी पेटवलीस. तुझ्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मला अजून दिसतं. त्या गल्लीतून मी पुन्हा कधी गेलो नाही. स्टेशनला वळसा घालून जातो.

उद्या सही करेन. घर चांगलं आहे, आणि पाणी कुठवर येतं ते मला आता माहीत आहे. हा कागद जपानच्या फायलीतच ठेवून देतो, पाठवायला तू कुठे आहेस?

फ्लॅट घेणाऱ्याला मी पाण्याचं सांगितलं नव्हतं, बाबा. तो रविवारी फ्लॅट बघायला येणार होता आणि रविवारी पौर्णिमा होती. घरी पाहुणे आहेत असं खोटंच सांगून मी त्याला पुढच्या सोमवारी, अष्टमीला बोलावलं. बिचारा रजा काढून आला. अष्टमीला भांगाची लहान भरती असते, पाणी चढत नाही, गटार कोरडं राहतं, हे मला तूच शिकवलं होतंस.