सोमवारच्या राजम्याआधी केलेली वाटणी

पहिली आली ती क्लेली. मी रविवारी प्रार्थनेहून परतताना घरच्या पायरीवरून पडले आणि मंगळवारी सकाळी ही माझी धाकटी बहीण दारात उभी, हातात झाकलेलं भांडं. "ताई, तुझ्यासाठी गरम गरम राजमा-भात आणलाय." मंगळवारी राजमा. म्हणजे सोमवारी तिच्या घरी सगळ्यांनी खाऊन जो उरला तो. आमच्या सबंध परगण्यात राजमा सोमवारी शिजतो, कारण रविवारच्या डुकराच्या मांडीचं हाड तेव्हा हाताशी असतं आणि बायका कपडे धूत असल्या तरी भांडं आपलं आपण रटरटत राहतं. क्लेलीला हे माहीत नाही असं नाही. तिने मला उरलंसुरलं भरवलं, तोंड पुसलं, आणि मोठ्याने विचारलं, "डॉक्टर काय म्हणाला, ताई? किती दिवस?" मी म्हटलं, "बरगडीला तडा गेलाय, कानाला नाही. ओरडू नकोस."

तेव्हाच ठरवलं की हा कागद लिहायचा.

तर लिहून ठेवते ती मी, ओझीत दूगा, दिवंगत तेओफील दूगा यांची विधवा, वय वर्षे त्र्याऐंशी, राहणार बायू टेश नदीच्या काठी, परगणा सेंट मार्टिन, लुइझियाना. माझं डोकं ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, दारू पाजलेली नाही. गोड बोलून ज्यांनी पाहिलं त्यांची नावं खाली येतीलच. शाळा मी तिसरीपर्यंत केली. वर्गात आमचं फ्रेंच बोलले म्हणून मास्तरीणबाईंनी मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावले, तिथून उठले ती परत गेले नाही. त्यामुळे शुद्धलेखन जसं आहे तसं राहू द्यावं, नोटरी दूसेसाहेबांनी त्यात हात घालू नये. लिहितेय तेही फ्रेंचमध्येच. माझ्या धाकट्या सुनेला ते वाचता येत नाही, हा एक फायदा. याआधी मी कोणाला काही देईन म्हणाले असेन, रागात किंवा लाडात, ते सगळं या कागदाने रद्द.

कलम १. मला निळ्या झग्यात पुरावं. मातीला जे येतील त्यांना राजमा वाढू नये. विकतची कोंबडी आणावी, तीही थंड.

कलम २. बँकेतले पैसे माझ्या शवपेटीला आणि थडग्याच्या चुन्याला लागतील तेवढे लावावे. जे उरेल त्यातून माझ्या सासूच्या आत्म्यासाठी एक प्रार्थना म्हणवून घ्यावी. एकच, साधी, गाण्याशिवायची.

सासूबद्दल दोन शब्द लिहायला हवेत, नाहीतर पुढचं कळणार नाही. नवी नवरी होते तेव्हापासून दर सोमवारी तिने मला चुलीपुढे उभं केलं. चव घ्यायची, म्हणायची, "डुकरांना घाल." आणि ते खरंच डुकरांना जायचं, तिच्या डोळ्यांदेखत मीच नेऊन घालायची. डुकरं छान पोसली गेली. मग एका सोमवारी मी ते बिडाचं पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि उकळतं तिच्या पायांशी ओतलं. पाय भाजले तिचे. मी चालत बापाच्या घरी गेले. तेओफील न्यायला आला तेव्हा मी अंगणातूनच सांगितलं, "घर माझ्या नावावर कर, मग येते." त्याने केलं. म्हातारी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली, माझ्या हातचं मुकाट्याने खाऊन. चव कशी आहे ते तिने परत कधी सांगितलं नाही. हे घर मला असं मिळालं.

कलम ३. माझी बहीण क्लेली हिला सहा खुर्च्यांपैकी एक. एकच पुरे, तिच्याकडे दुसरं कोणी बसायला येत नाही. पूर्वी डुक्कर मारायची पाळी फिरती असायची, आज या घरी तर पुढच्या वेळी त्या घरी, आणि मांस सगळ्यांनी वाटून घ्यायचं. क्लेलीच्या घरची पाळी आली की माझ्या वाट्याला हाड यायचं ते चाटून ठेवल्यासारखं. "ताई, हाडातच तर चव असते," म्हणायची. तर चव घे म्हणावं, खुर्चीवर बसून. शिवाय ती राजम्यात साखर घालते. हे मेल्यावरही लपू नये म्हणून लिहिलं.

कलम ४. माझा धाकटा मुलगा युलिस याला त्याच्या बापाचा हातोडा आणि खिळ्यांचा डबा. हातोडा अजून नवा दिसतो. बाप गेला त्या वर्षी युलिस म्हणाला होता, "आई, पुढच्या खेपेला आलो की ती पायरी दुरुस्त करतो." ह्यूस्टनला तेलाच्या धंद्यात त्याचं फार चांगलं चाललंय, पायरीला वेळ कुठून मिळणार. बुधवारी तो आला, त्याच पायरीवरून, जपून पाय टाकत. त्याच्या मुलांना माझ्या कोंबड्या. त्यांना माझं बोलणं समजत नाही, कोंबड्यांचंही समजणार नाही, तेव्हा सवय आहेच.

कलम ५. युलिसची बायको डार्लीन हिला डबे उघडायची चावी. बुधवारी ती राजम्याचे दोन डबे घेऊन आली, वरचा रस्सा तब्येतीला बरा नाही म्हणून मोरीत ओतून टाकला, आणि नुसते दाणे भाताशेजारी मांडले, दवाखान्यात गोळ्या मांडतात तसे. वर युलिसकडून विचारून घेतलं, "आई, तुमच्याकडच्या राजम्याचं गुपित काय?" मी तिला जवळ बसवून सांगितलं. कांदा, ढोबळी मिरची, सेलरीचे देठ परत, तमालपत्र टाक, धुरी दिलेलं सॉसेज घाल, आणि राजमा चुलीवर चढवलास की लगेच पेलाभर व्हिनेगर ओत. युलिसने शब्दन् शब्द तिला सांगितला. आंबट आधी पडलं की दाणा जन्मभर शिजत नाही, हे आमच्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं, पण तो राहतो ह्यूस्टनला. तिचं भांडं बघायला मी सोमवारपर्यंत तरी जिवंत राहणार आहे, डॉक्टर काही म्हणो.

सोमवारचं ठरलं ते असं. बुधवारी संध्याकाळी क्लेली, युलिस, डार्लीन, तिघंही माझ्या स्वयंपाकघरात बसून घराच्या भिंतींकडे बघत होती. क्लेली तर छताकडेही. मला इतकी मजा यायला लागली की राहवेना. म्हटलं, "असं करू. येत्या सोमवारी ज्याने त्याने आपापल्या शेगडीवर राजमा शिजवून आणायचा. ज्याचं ताट मी पुसून खाईन, घर त्याचं."

"लिहून देशील?" क्लेलीने विचारलं.

"लिहूनच देणार."

"आई, हा काय पोरखेळ," युलिस म्हणाला. पण त्याने बायकोला समजावून सांगितल्यावर डार्लीनने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला. मग म्हणाला, "बरं, सोमवारी येतो. हॉटेलात राहू तोवर."

माझी मोठी सून वेर्ना तेव्हा भांडी घासत होती. तिचा नवरा म्हणजे माझा थोरला, एल्फेझ, कोळंबीच्या होडीवरून बुडून गेला तेव्हापासून ती माझ्याजवळ आहे. मूल नाही. माहेर म्हणजे ॲबव्हिलची एक बहीण, तिच्याकडे दोन खोल्यांत सहा माणसं. या घराशिवाय वेर्नाला डोकं टेकायला जागा नाही, हे तिला ठाऊक आहे आणि मला जास्त ठाऊक आहे. ती पाठमोरीच म्हणाली, "आणि मी, आई?"

"तू? तू वाढायला आहेसच की. भातही टाक सगळ्यांपुरता."

तिने हात पुसले. ॲप्रन सोडला, खुंटीला लावला. "सोमवारी तुमचा भात तुम्ही लावा, आई," म्हणाली. आवाज चढवला नाही. बाहेर शेजारच्या ओनेझीमचा ट्रक निघतच होता, त्यात बसली आणि बहिणीकडे गेली. पिशवीसुद्धा घेतली नाही.

क्लेली म्हणाली, "बघ ताई, इतकी वर्षं पोसलीस आणि हे." मी हसत होते. इतकी हसले की बरगडीने जीव काढला.

एल्फेझ गेल्यापासून मी या दिवसाची वाट पाहत होते. दर सोमवारी मी वेर्नाच्या राजम्यात खोट काढली. खारट म्हटलं, पातळ म्हटलं, एकदा ताट खिडकीतून कोंबड्यांना टाकलं. खोट नव्हतीच. तिच्या राजम्याचा दाणा अख्खा दिसतो आणि जिभेवर ठेवला की विरतो. शेवटी डावभर दाणे पातेल्याच्या कडेला रगडून परत मिसळते, मग रस्सा असा मिळून येतो की भाताला सोडत नाही. माझ्याहून चांगला. हे इथे लिहिलं, तिच्या तोंडावर म्हणणार नाही. आणि प्रत्येक वेळी ती बाई काय म्हणायची, तर "पुढच्या सोमवारी नीट करते, आई." ते ऐकून मला पुढच्या सोमवारी आणखी टोचावंसं वाटायचं. मी टोचलंही.

कलम ६. म्हणून माझं राहतं घर, आतलं सामान (वर दिलेलं सोडून), परस, आणि बायूच्या पाण्यापर्यंतची जमीन, सगळं कायमच्या मालकी हक्काने वेर्ना दूगा हिला. दुसऱ्या कोणाचा त्यावर कसलाही हक्क नाही, सोमवारी कोणाचंही ताट मी पुसून खाल्लं तरी. तिघांचीही ताटं पुसून खाणार आहे मी, डार्लीनचं चावता आलं तर.

कलम ७. मात्र सोमवार दिनांक १५ रोजी वेर्ना या घरी येऊन शेगडी पेटवून या मंडळींना वाढायला उभी राहिली, तर कलम ६ रद्द. मग घर विकावं, पैसे क्लेली आणि युलिस यांनी निम्मे निम्मे घ्यावे, वेर्नाला बिडाचं पातेलं आणि डाव. ती येऊन ते पातेलं कोणाच्या पायांवर ओतणार असेल तर घर तिचंच राहील. पाय माझे असले तरी तक्रार नाही.

दूसेसाहेबांनी हे वाचून चष्मा काढला. "ओझीतबाई, ही अट तिला माहीत आहे?"

"नाही."

"मग ती पाळणार कशी?"

"मला कोणी सांगितलं होतं का, पातेलं ओत म्हणून?"

ते म्हणाले, हे क्रूर आहे. आहेच. पण मी गेले की हीच क्लेली, हाच युलिस तिच्या दारात येऊन उभे राहणार, गोड बोलणार. जिला नाही म्हणता येत नाही तिच्याकडून ते घर महिन्याभरात काढून घेतील, आणि निघताना ती त्यांना जेवून जा म्हणेल. त्यापेक्षा मीच काढून घेतलेलं बरं. निदान मला बघायला मिळेल.

एवढं झाल्यावर सहीसाठी ओनेझीमला बोलावलं. त्याने ऐकलं आणि टोपी हातात फिरवत उभा राहिला.

"काकू, मी आज सकाळी ॲबव्हिलला गेलो होतो. वेर्नावहिनी भेटल्या. दोन दिवस रडून डोळे सुजलेत. म्हणाल्या, आईंना सांगा, चुकलं माझं. उद्या राजमा भिजत घालायला विसरू नका म्हणावं. सोमवारी सकाळीच येते, भात मीच लावीन."

दूसेसाहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

"सही कर," मी म्हटलं.

"काकू, मी त्यांना फोनवर नुसतं एवढंच सांगतो, की येऊ नका. का ते नाही सांगत."

"तू साक्षीदार आहेस, ओनेझीम. साक्षीदाराने बघायचं असतं. घे तुझ्या आईच्या थडग्याची शपथ."

त्याने शपथ घेतली. चांगला मुलगा आहे, त्यालाही नाही म्हणता येत नाही. सहीचं अक्षर वाकडं आलंय, ते त्याचंच आहे, कोणी शंका घेऊ नये.

राजमा मी उद्या भिजत घालणार आहे. तिने सांगितलंय, तर घालते.

हा कागद मी माझ्या हाताने लिहिला, वाचून पाहिला, पटला, आणि दोन साक्षीदार आणि नोटरी यांच्यासमोर सही केली.

ठिकाण: माझं स्वयंपाकघर, बायू टेश, परगणा सेंट मार्टिन.
तारीख: शनिवार, १३ ऑक्टोबर १९७९.

ओझीत दूगा (सही)

साक्षीदार: ओनेझीम कास्तीय (सही)
साक्षीदार: ऑरेली ब्रो, शेजारीण (सही; ऐकू कमी येतं, दिसतं चांगलं)
नोटरी: लामेर दूसे (सही आणि शिक्का)

भेटीला आलेल्यांनी परत यायचा दिवस सांगून ठेवलाय, तो नोंदवते. सोमवार, १५ ऑक्टोबर. क्लेली, युलिस, डार्लीन. आणि वेर्ना.