बदलायचं राहिलेलं ऑइल

बाबा, वरसे गावात राहायला आल्यावर मी डिझेल गाडी घेतली, तेव्हा तुम्ही गॅरेजला कुलूप लावून पेणहून बघायला आलात. पेढ्यांचा पुडा तसाच राहिला, आधी तुम्ही बॉनेट उघडलंत. कोलाडपर्यंत जाऊन आलो. दारात येताच मी चावी फिरवायला गेले, तर तुम्ही माझा हात धरलात. "लगेच बंद नको करू गो. इंजिन थांबलं की ऑइल थांबतं, पण टर्बो, इंजिनात हवा कोंबणारा तो पंखा, तापलेला फिरतच असतो. दोन मिनटं निवू दे त्याला. आणि ऑइल वेळेवर बदल. काळं झालं की बारीक पाइपात चोंदतं, मंग टर्बो कोरडा फिरतो. दुसरं काय नाय मागत तो." मी ऐकते आहे, पण डोळा घड्याळावर. कंपनीत दुपारची शिफ्ट आहे.

वर्षभर मी सगळं पाळलं. नंतर धावपळीत दोनदा ऑइल बदलायचं राहिलं. तुम्ही फोनवर विचारायचात, मी "व्हय, बदललं" म्हणून विषय संपवायचे.

त्या दुपारी तुम्ही आमच्याकडे जेवायला आला होतात. हात धुताना छातीत कळ आली. इथले डॉक्टर म्हणाले, ताबडतोब मोठ्या इस्पितळात न्या. मी गाडी काढली. नागोठण्याच्या पुढे इंजिनातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, मागे निळा धूर, आणि गाडीचा जोर पार गेला. मागच्या सीटवर तुम्ही डोळे मिटून पडला होतात.

"टर्बो गेला," तुम्ही म्हणालात. "ऑइल कधी बदललंस?"

"गेल्याच महिन्यात."

 तुम्ही म्हणालात, "मंग पाइप चोंदला असंल. मीच उघडून बघायला हवा होता. माझं चुकलं गो."

मी ते तसंच राहू दिलं, गाडी कडेला घेतली आणि रस्त्यावर हात दाखवत उभी राहिले. एका टेम्पोवाल्याने आपल्याला घेतलं. वडखळच्या अलीकडे तुमचा हात माझ्या हातात जड झाला. अर्धा तास आधी आणलं असतं तर कदाचित, असं इस्पितळातले डॉक्टर म्हणाले.

आईला मी सांगितलं, रस्ता अडला होता. इतकी वर्षं झाली, ती येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगते, त्या रस्त्याला शिव्या घालते, आणि मी शेजारी बसून मान हलवते. हा कागद मी घरात ठेवणार नाही. आईला अजून चष्म्याशिवाय वाचता येतं.